काचेची कड

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराला काचेचा इफेक्ट करायचा म्हटलं की हात आपसूक पांढऱ्या रंगाकडे जातो. अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागावर एक गुळगुळीत पांढरा पट्टा, कडेला बेव्हल म्हणजे उतरती कड, खाली थोडी सावली, की झालं काम. दिसतं छानच, पण ती काच वाटत नाही, चकचकीत प्लॅस्टिक वाटतं. मग काहीतरी कमी पडतंय म्हणून पांढरं आणखी वाढवलं जातं आणि ते आणखीच प्लॅस्टिक होत जातं.

चमक हा काचेतला सर्वांत शेवटी करायचा आणि सर्वांत कमी करायचा भाग आहे. स्वच्छ काचेचं अंग आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते तिच्यामागचं: ते कुठे वाकलं, कुठे मोठं झालं, कडेशी येऊन कसं तुटलं. त्यामुळे काच करायला बसलेल्याचं तीन-चतुर्थांश काम काचेवर नसतं, पार्श्वभूमीवर असतं. हे एकदा पटलं की सॉफ्टवेअर कुठलंही असो, काच जमते.

संगणकाच्या पडद्यांनाही हे कळायला बराच काळ लागला. २००० साली ॲपलने 'ॲक्वा' हे पडद्याचं नवं रूप दाखवलं, तेव्हाची बटणं जेलीच्या थेंबांसारखी होती आणि सगळा भर वरच्या चमकेवर होता. २००७च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या 'एअरो'मध्ये खिडक्यांच्या चौकटींमागचं चित्र धूसर होऊ लागलं. २०१३मध्ये आयफोनच्या 'आयओएस ७'ने चमक जवळजवळ टाकून दिली आणि नुसती धूसरता ठेवली. आणि २०२५मध्ये आलेल्या ॲपलच्याच 'लिक्विड ग्लास'मध्ये कडेला मागचं चित्र वाकायला लागलं. चमक, मग धूसरता, मग वाकणं. शिकणाऱ्याने हा क्रम उलटा लावावा, आधी वाकवणं शिकावं.

वाकवण्याआधी थोडे आकडे पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांवर उभे आहेत. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा, सुमारे १.५ असतो. समोरून सरळ पाहिलं तर तिच्या एका पृष्ठभागावरून फक्त ४ टक्के प्रकाश परत येतो. नजर ४५ अंशांनी तिरकी झाली तरी हा आकडा जेमतेम ५ टक्क्यांवर जातो. ६० अंशांना सुमारे ९ टक्के. आणि ८० अंशांना एकदम ३९ टक्के. म्हणजे परावर्तन सावकाश वाढत नाही. बराच वेळ गप्प बसतं आणि शेवटी उसळी मारतं.

आता ४०० पिक्सेल व्यासाचा, अर्धगोलाच्या आकाराचा काचेचा मणी डोळ्यांसमोर आणा. केंद्रापासून १७३ पिक्सेल बाहेर येईपर्यंत परावर्तन ९ टक्क्यांच्या आत असतं. उरलेल्या २७ पिक्सेलांत सगळा खेळ होतो, आणि ३९ टक्क्यांच्या वरचा भाग तर अगदी शेवटच्या ३ पिक्सेलांत मावतो. केंद्रापासून कडेपर्यंत एकसारखा फिकट होत जाणारा ग्रेडियंट काचेसारखा का दिसत नाही, त्याचं उत्तर या ३ पिक्सेलांत आहे. मधला भाग जवळजवळ रिकामा सोडायचा आणि कडेला अगदी बारीक पण ठाम उजेड द्यायचा. रिकामा सोडणं हेच जड जातं.

पार्श्वभूमी निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे तिच्यात वाकवण्यासारखं काहीतरी हवं: रेघा, पानं, विटा, कापडाची वीण, काहीही. एकरंगी पार्श्वभूमीवर अपवर्तन दिसूच शकत नाही. दुसरी गोष्ट उजळपणाची. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे दोन पद्धती वापरतात. मागे उजळ पडदा ठेवला की काचेच्या कडा काळ्या दिसतात. मागे काळा पडदा ठेवून बाजूने प्रकाश टाकला की कडा उजळतात. आपल्यालाही हाच नियम लागू. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कडा काढत बसलं तर काहीच दिसत नाही, तिथे गडद कडाच हव्यात. मध्यम उजेडाच्या पार्श्वभूमीवर गडद आणि उजळ दोन्ही कडा चालतात, म्हणून सुरुवात तिथून करणं सोपं.

आता फोटोशॉपमध्ये काचेचं अक्षर करू. २००० बाय १२०० पिक्सेलचा आरजीबी कॅनव्हास, आणि दांड्याची जाडी साधारण १२० पिक्सेल येईल असा जाड, साधा फॉन्ट. बारीक शेपट्या असलेले फॉन्ट टाळावेत, त्यांच्यात काचेला जाडी घ्यायला जागाच मिळत नाही. अक्षराचे कोपरे आधीच गोल करून घ्या. त्यासाठी काळ्यावर पांढरं अक्षर एका अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे आकार जपणाऱ्या करड्या थरात, ठेवून त्याला ८ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्यावा आणि मग काळ्या-पांढऱ्याच्या सीमा ठरवणाऱ्या लेव्हल्समध्ये काळी खूण ११८वर, पांढरी १३८वर आणावी. धूसर कड पुन्हा धारदार होते, पण कोपरे गोल राहतात. ही पायरी नुसत्या सौंदर्यासाठी नाही, तिची गरज लगेच पुढे कळते.

या गोल केलेल्या आकारावरून उंचीचा नकाशा तयार करायचा, ज्यात पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे सखल. आकाराची प्रत नव्या फाइलमध्ये, १६ बिटमध्ये, आणि तिला २० पिक्सेलचा गॉशियन ब्लर. ब्लरनंतर सरळ कडेवर नेमका मधला करडा रंग येतो, म्हणजे १२८. तिथून आत ६० पिक्सेलवर, म्हणजे दांड्याच्या मध्यावर पोचेपर्यंत तो पांढरा होतो. लेव्हल्समध्ये काळी खूण १२८वर आणली की आकाराबाहेरचं सगळं काळं होतं आणि आत कडेशी तीव्र, मध्याकडे सपाट होत जाणारा चढ उरतो. काचेच्या वितळलेल्या कडेचा चढ असाच असतो. मात्र ९० अंशांच्या टोकदार कोपऱ्यावर ब्लरनंतर १२८ नाही, ६४च्या आसपास आकडा येतो. लेव्हल्स लावल्यावर तो कोपरा काळ्यात जातो आणि नकाशा मूळ आकारापेक्षा आत सरकतो. मग काचेच्या प्रत्येक कोपऱ्यात एक तुकडा असा राहतो की जिथे काहीच वाकत नाही. कोपरे आधी गोल केलेले असले की हा तुकडा जवळजवळ नाहीसा होतो.

ब्लरचा आकडा म्हणजे काचेची घडण ठरवणारा आकडा. दांड्याच्या जाडीच्या एक-षष्ठांश घेतला की पूर्ण फुगीर काच मिळते. ८ पिक्सेल घेतला तर मधे सपाट पठार आणि कडेला उतार, म्हणजे घासून कड काढलेली जाड तावदानी काच. दोन्ही चांगल्या, पण ठरवून घ्याव्यात.

आता वाकवणं. फोटोशॉपच्या 'ग्लास' फिल्टरमध्ये टेक्श्चर म्हणून स्वतःची पीएसडी फाइल देता येते, तिथे हा उंचीचा नकाशा ८ बिट करून दिला की फिल्टर स्वतःच उतार काढतो. झटपट कामाला हे पुरतं. डिस्टॉर्शन ६ ते ९, स्मूदनेस ५च्या पुढे, स्केलिंग १०० टक्के. आरजीबी चित्रावर हा फिल्टर फक्त ८ बिटमध्ये चालतो. मेनूत तो करडा होऊन बसला असेल तर आधी इमेजचा मोड बघा.

पण खरा ताबा 'डिस्प्लेस' या दुसऱ्या फिल्टरमध्ये आहे. त्याला उंची कळत नाही, सरकवण्याचं अंतर कळतं. नकाशाचा पहिला चॅनल आडवं सरकवतो, दुसरा उभं. १२८ म्हणजे जागचं हलू नका. ० आणि २५५ ही दोन टोकं. स्केल १०० असताना जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकतं, त्यामुळे १५ ठेवलं तर सुमारे १९ पिक्सेल. १२० पिक्सेलच्या दांड्याला तेवढं छान शोभतं.

उंचीवरून उतार काढायला 'एम्बॉस' फिल्टर कामाला येतो, कारण तो सपाट भागाला मधला करडा देतो. उंचीच्या नकाशाच्या दोन प्रती घ्याव्यात. एकीला एम्बॉस ० अंशांनी, दुसरीला ९० अंशांनी, हाइट ३ ते ४ पिक्सेल आणि अमाउंट २०० ते ३००. पहिली प्रत एका आरजीबी फाइलच्या लाल चॅनलमध्ये, दुसरी हिरव्यात. निळ्याचा इथे उपयोग नाही. फाइल सपाट करून पीएसडी म्हणून जतन करा, आणि तिचा आकार मूळ चित्राइतकाच, २००० बाय १२००, ठेवा; नाहीतर नकाशा ताणला जातो आणि वाकणं अक्षरापासून भलतीकडेच होतं.

मग पार्श्वभूमीच्या लेयरची प्रत, तिचा स्मार्ट ऑब्जेक्ट (म्हणजे फिल्टर नंतरही बदलता येतो), त्यावर डिस्प्लेस, आणि त्यानंतर अक्षराबाहेरचं झाकणारा, अक्षराच्या आकाराचा मास्क. क्रम हाच. आधी अक्षराच्या आकारात कापून मग डिस्प्लेस लावला तर कापलेली कडच सरकते आणि काचेचा काठ कुरतडल्यासारखा दिसतो. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते, आणि लोक दोष नकाशाला देतात.

निकाल तपासायला मागे तात्पुरती आडव्या-उभ्या रेघांची जाळी ठेवावी. फुगीर काचेच्या कडेशी आपल्याला मागचं चित्र थोडं आतल्या बाजूचं दिसतं, त्यामुळे रेघ काचेच्या काठावर येऊन तुटते आणि आत दुसऱ्याच जागेहून पुढे सुरू होते. ही तुटलेली रेघ म्हणजेच काच. काच फुगीर वाटण्याऐवजी खोलगट वाटत असेल तर दिशा उलटी झाली आहे. ज्या दिशेची चूक असेल तिच्या स्केलला ऋण आकडा द्यावा. वाकलेल्या भागात पायऱ्यापायऱ्या दिसत असतील तर ८ बिट नकाशातल्या २५६ छटा अपुऱ्या पडल्या आहेत. नकाशाला १ ते २ पिक्सेलचा ब्लर द्यावा आणि डिस्प्लेस पुन्हा लावावा.

मणी करायचा असेल तर एक गोष्ट आधी ठरवा: तो पूर्ण गोळा आहे की पालथा ठेवलेला अर्धा? अर्धा असेल तर मागचं चित्र नुसतं मोठं दिसतं. भरीव गोळ्यातून दूरचं चित्र उलटं दिसतं. त्यासाठी वर्तुळातली पार्श्वभूमी १८० अंश फिरवून मग 'स्फेराइज' १०० टक्के लावावं. दवबिंदूच्या आत उलटं क्षितिज दिसतं ते यामुळेच, आणि एवढ्या एका फिरवण्याने मणी जिवंत होतो. जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'अप्लाय लेन्स' हा फिल्टर अपवर्तनांकच विचारतो: काचेला १.५, पाण्याला १.३३. डिस्प्लेसचं काम जिम्पमध्येही तसंच चालतं, आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळे नकाशे देता येतात. आणि २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेयरवर तसाच ठेवून नंतरही बदलता येतो.

रंगाकडे वळू, कारण इथे चांगले हातही घसरतात. रंगीत काच म्हणून नॉर्मल मोडमध्ये ४० टक्के ओपॅसिटीचा निळा लेयर टाकला की मागचा काळा रंगही निळसर धुकट होतो. काच प्रकाश गाळते, स्वतः उजेड देत नाही. मागे काळं असेल तर स्वच्छ काचेतूनही ते काळंच दिसायला हवं. म्हणून रंग नेहमी मल्टिप्लाय मोडमध्ये, जो मागचं फक्त गडद करतो. फिकट समुद्री छटेसाठी लाल २०४, हिरवा २४०, निळा २३५ असा रंग घेतला, तर दुप्पट जाडीच्या जागी तोच रंग मल्टिप्लायमध्ये दोनदा लावायचा. लाल १६३वर उतरतो, हिरवा मात्र २२६ आणि निळा २१७. म्हणजे काच नुसती गडद होत नाही, तिचा रंग खोल होतो. तावदानाची कड बाजूने पाहिली की हिरवी दिसते ती याच कारणाने: काचेतल्या लोहाच्या अंशाची छटा एरवी जाणवत नाही, पण कडेतून प्रकाश लांबचा प्रवास करून येतो. पोकळ वस्तू असेल, बाटली किंवा फुगा, तर कडा गडद आणि मध्य फिका. भरीव गोळा असेल तर जाडी मध्यात जास्त. दुसरा लेयर कुठे लावायचा ते यावरून ठरवावं.

आता लेयर स्टाइल, म्हणजे लेयरला लागणारे बेव्हल-सावलीसारखे तयार परिणाम. अक्षराच्या आकाराचा एक वेगळा लेयर सर्वांत वर ठेवून त्याचं फिल ० करा. ओपॅसिटी ० केली तर स्टाइलही जातात. फिल ० केलं की लेयरचा रंग जातो, स्टाइल राहतात. बेव्हल अँड एम्बॉसमध्ये इनर बेव्हल, स्मूद, डेप्थ १५० ते २५०, साइज १८, सॉफन २. अल्टिट्यूड नेहमीच्या ३०वर न ठेवता ६० ते ७० करा, म्हणजे उजेडाची रेघ काठावरून थोडी आत येते आणि काठावर गडद किनार शिल्लक राहते. त्या दोन रेघांच्या जोडीतच काचेची जाडी दिसते. ग्लॉस कंटूर 'रिंग' निवडून अँटी-एलियास्डवर टिक. हायलाइट स्क्रीनमध्ये (मागचं उजळ करणारा मोड) ८० टक्के, शॅडो मल्टिप्लायमध्ये २० टक्के. जोडीला इनर शॅडो, मल्टिप्लाय ३५ टक्के, डिस्टन्स ६, साइज १४. तिचा रंग मात्र काळा ठेवू नका, पार्श्वभूमीतलाच सर्वांत गडद रंग आयड्रॉपरने उचला. काळा रंग काचेला काजळी लावतो.

'यूज ग्लोबल लाइट'ची टिक सगळ्या स्टाइलमध्ये सारखी असू द्या. एकात आहे आणि एकात नाही असं झालं की एक उजेड वरून आणि दुसरा बाजूने येतो. पाहणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. आणि स्टाइलमधले आकडे पिक्सेलमध्ये असतात हे विसरू नका. अक्षर फ्री ट्रान्सफॉर्मने निम्मं केलं तरी १८ पिक्सेलचा बेव्हल १८चाच राहतो आणि काच सुजल्यासारखी दिसते. अशा वेळी लेयरच्या स्टाइलवर राइट क्लिक करून 'स्केल इफेक्ट्स' ५० टक्के करावं.

आतला उजेड ही माझ्या मते सर्वांत देखणी पायरी. अपारदर्शक वस्तूवर दिवा ज्या बाजूला, तीच बाजू उजळ. काचेत उलटं होतं. प्रकाश डावीकडून वरून आत शिरतो, वाकतो आणि उजवीकडे खाली गोळा होतो. म्हणून वरच्या डाव्या बाजूला बारीक परावर्तन, तिथेच आत थोडा अंधार, आणि समोरच्या खालच्या कडेशी आतून उजेड. एक नवा लेयर, कलर डॉज मोड, मऊ ब्रश १० ते १५ टक्के फ्लो, आणि काचेच्याच छटेचा फिकट रंग. हा लेयर कमी करायचा तर ओपॅसिटी नको, फिल कमी करा. कलर डॉज हा त्या आठ मोडपैकी एक आहे ज्यांत फिल आणि ओपॅसिटीचा परिणाम वेगळा येतो, आणि फिलने उजेड जास्त नैसर्गिक रीतीने मावळतो.

सावलीही तशीच. काचेची सावली म्हणजे काळा ठसा नाही. ड्रॉप शॅडो मल्टिप्लायमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास, रंग काचेच्या छटेचाच पण गडद, आणि 'लेयर नॉक्स आउट ड्रॉप शॅडो'ची टिक काढलेली, म्हणजे सावली काचेतूनही दिसते. मग स्टाइलवरून 'क्रिएट लेयर' करून सावली वेगळी काढावी आणि तिच्या मध्यावर, दिव्यापासून दूरच्या बाजूला, काचेने गोळा केलेल्या प्रकाशाचा एक छोटा उजळ ठिपका स्क्रीन मोडमध्ये द्यावा. ज्यांना फक्त एकच जास्तीची मेहनत घ्यायची आहे त्यांनी ही घ्यावी.

चमक आत्ता, शेवटी. ४ टक्केच परत येतात, म्हणून काचेवर फक्त खूप उजळ गोष्टी दिसतात: दिवा, खिडकी, आकाश. त्यांना आकार असतो आणि काठ असतो. पांढऱ्या धुक्याऐवजी धारदार कडेचा छोटा चौकोन किंवा पट्टी काढा, काचेच्या वळणाप्रमाणे 'वॉर्प'ने वाकवा, एका टोकाला मास्कने फिकट करा. मऊ काठाची चमक घासलेल्या किंवा मेणचट पृष्ठभागाची असते. दोन-तीन चमका पुरेत.

दुधी काच तुलनेने सोपी. पार्श्वभूमीच्या प्रतीला २० ते ३० पिक्सेलचा गॉशियन ब्लर, त्यावर १ ते २ टक्के नॉइज, वर पांढऱ्याचा १० ते १५ टक्के थर, मग मास्क. इथेही आधी ब्लर मग मास्क, नाहीतर कड आतून पुसट होते. नॉइज गाळू नका. ब्लर झालेल्या सपाट ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात ते त्यानेच मोडतात. अशा काचेवर मजकूर ठेवायचा असेल तर तिच्यामागचा सर्वांत वाईट भाग शोधून तिथे अक्षरांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ भरतो का ते मोजा.

रंगीत तुकड्यांच्या खिडकीसाठी फोटोशॉपमध्ये 'स्टेन्ड ग्लास' नावाचा फिल्टर आहे, पण तो चित्राकडे न बघता सगळीकडे सारख्याच मापाच्या पेशी पाडतो. खऱ्या खिडकीतल्या शिशाच्या पट्ट्या चित्राच्या रेषांवरून जातात. पेन टूलने पाथ काढून त्यांना १० पिक्सेलचा स्ट्रोक द्यावा आणि प्रत्येक तुकड्यात रंग थोडा हलवावा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग चांगला नाही.

चित्र बाहेर काढताना बरीच मेहनत वाया जाते. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरीव, त्यामुळे मऊ सावलीचे दातेरी तुकडे होतात. जेपीईजीत पारदर्शकताच नाही. पीएनजीत अर्धपारदर्शकता टिकते, पण ब्लेंड मोड टिकत नाहीत: पार्श्वभूमी लपवून काच पीएनजी केली की मल्टिप्लाय आणि कलर डॉज ज्यावर काम करत होते तेच जातं आणि रंग बदलतात. वाकलेली पार्श्वभूमी तर काचेच्या आत तशीच चिकटून राहते, दुसऱ्या चित्रावर ठेवली की उघडी पडते. म्हणून शक्य असेल तिथे काच तिच्या पार्श्वभूमीसकट सपाट करूनच द्यावी. सुटीच हवी असेल तर अपवर्तन सोडून द्यावं आणि पीएनजीसाठी वेगळी प्रत बांधावी: नॉर्मल मोडमधली गडद अल्फा असलेली सावली आणि कडा, पांढऱ्या अल्फाची चमक, मधला भाग रिकामा. ती प्रत एकदा पांढऱ्यावर, एकदा काळ्यावर आणि एकदा गजबजलेल्या चित्रावर ठेवून बघावी. काळ्यावर कडेला फिकट झालर दिसली तर मास्क १ पिक्सेल आत घ्यावा आणि पुन्हा एक्सपोर्ट करावं.